पारोळ्याचे घर, मालेगावकडचे मूळ : पणजोबांच्या मागच्या पिढ्यांचा शोध कोठे घ्यावा?

बोरीकाठ (जळगाव)

सर्वांस नमस्कार. आमचे घर पारोळा तालुक्यातील, बोरी नदीकाठच्या एका लहान गावचे. माझे वास्तव्य जळगावला असले तरी शेत आणि भाऊबंद गावीच आहेत. घराण्याची वंशावळ लिहून काढावी, आणि ती केवळ नावांची उतरंड न राहता प्रत्येक पिढी कोठे राहत होती, काय कसत होती आणि कोणत्या संकटातून गेली हेही तीत यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आजोबा, पणजोबा आणि खापरपणजोबा यांची नावे घरात ठाऊक आहेत. त्यामागचे कोणालाच सांगता येत नाही.

थोरल्या काकांच्या सांगण्यानुसार आमचे पूर्वज छप्पन्याच्या (१८९९-१९०० च्या) दुष्काळात मोसम नदीच्या खोऱ्यातून, म्हणजे मालेगावकडून, जनावरे घेऊन इकडे आले आणि येथेच स्थिरावले. गावाचे नाव मात्र काकांना सांगता येत नाही. माझ्याजवळ चालू सातबारा, आजोबांच्या नावचे एक खरेदीखत आणि घड्यांवर चिरत चाललेला मोडी लिपीतील एक कागद आहे. मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांनी तो ओझरता पाहून सांगितले की त्यात पणजोबांचे आणि त्यांच्या वडिलांचे नाव आहे, पण आडनाव कोठेच नाही. आम्ही आज पाटील लावतो. आमच्या घराकडे कधी पाटीलकी होती असे मात्र कोणीही सांगत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. आडनावच नसेल तर जुन्या दप्तरात आपले माणूस ओळखावे कसे? मालेगावकडचे मूळ खरे असेल तर तिकडचे कागद जळगावात मिळतील, धुळ्यात की नाशकात? आणि अलीकडे सरकारने जुन्या नोंदी संगणकावर उपलब्ध केल्या आहेत असे ऐकतो, त्यांचा आमच्यासारख्यांना उपयोग होईल का?

मोडीवाचक (धुळे)

भाऊ, आपण हाती असलेल्या कागदांपासून सुरुवात करीत आहात, हे फार चांगले. मी सुचवीन ती पहिली गोष्ट अशी की आपले गाव कोणत्या काळी कोणत्या तालुक्यात आणि कोणत्या जिल्ह्यात होते, हे आधी एका पानावर मांडून घ्या. खानदेशातला शोध अडतो तो बहुधा येथेच, कारण माणूस आजच्या जिल्ह्याच्या कचेरीत जातो आणि कागद मात्र जुन्या जिल्ह्याच्या नावाने बांधून ठेवलेला असतो.

१८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला तेव्हापासून १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठाणे धुळ्याला होते. १९०६ मध्ये पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले व जळगाव हे पूर्व खानदेशाचे ठाणे ठरले. महाराष्ट्र राज्य झाले त्या सुमारास ही जुनी नावे जाऊन जळगाव आणि धुळे ही नावे आली, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. तालुक्यांचीही तीच गोष्ट आहे. जुन्या कागदांत सावदा, विरदेल, पिंपळनेर अशी तालुक्यांची नावे भेटतात. त्या भागांतील गावे आज प्रामुख्याने रावेर, शिंदखेडा आणि साक्री या तालुक्यांत शोधावी लागतात. मुक्ताईनगरचा कोणताही जुना कागद एदलाबाद या नावानेच सापडेल. आपले पारोळे त्या काळी अमळनेर तालुक्यात मोडत असे, तेव्हा पारोळ्याच्या रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात, काही आढळले नाही म्हणून निराश होऊन परतू नका, अमळनेरचे दप्तर विचारा.

आता मालेगावचा प्रश्न. १८६९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा मालेगाव आणि बागलाण हा भाग खानदेशातून काढून त्याला जोडला गेला. याचा अर्थ असा की आपले पूर्वज छप्पन्यात इकडे आले असतील, तर १८६९ पासून तेव्हापर्यंतची त्यांची नोंद नाशिक जिल्ह्यातील मालेगाव किंवा बागलाण तालुक्याच्या दप्तरात असणार, आणि त्याआधीची खानदेश जिल्ह्याच्या नावाने असणार. १८८० मध्ये छापलेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बारावा खंड हा खानदेशाचा आहे. त्यात आपल्या घरातील कोणाचे नाव मिळणार नाही, पण तालुक्यांच्या त्या वेळच्या सीमा, बाजारपेठा, पिके, नद्यांचे पूर आणि दुष्काळ यांची माहिती आहे, आणि आपल्याला वंशावळीसोबत जी हकीकत लिहायची आहे तिच्यासाठी तो खंड वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

१८१८ च्या मागे जायचे झाल्यास पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर आहे, आणि ते बहुतांशी मोडीत आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. खानदेशाचा बराचसा भाग पेशव्यांच्या थेट अमलाखाली नव्हता. होळकरांनी जानेवारी १८१८ मधील मंदसोरच्या तहान्वये सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख इंग्रजांना दिला, तोवर तो त्यांच्याकडे होता. होळकरांकडच्या गावांची हिशेबी कागदपत्रे पुण्यात असतीलच असे गृहीत धरता येत नाही. धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ आहे. त्यांनी जमवलेली आणि पुढे इतरांनी भर घातलेली कागदपत्रे तेथे जतन केलेली आहेत. ज्या घरांकडे वतन, इनाम किंवा देशमुखी-देशपांडेपण होते, त्यांनी तेथे अवश्य चौकशी करावी.

आडनावाविषयी. आपल्या भागातील जुन्या कागदांत माणसाची ओळख त्याचे नाव, ‘वल्लद’ किंवा ‘बिन’ या शब्दापुढे बापाचे नाव, मग जात आणि गाव अशी दिलेली असते. पाटील हा मुळात हुद्दा. खानदेशात तो असंख्य कुणबी, मराठा, लेवा आणि गुजर घराण्यांनी पुढे शाळेत नाव घालताना आडनाव म्हणून लावला, आणि म्हणूनच आडनावावरून शोध घेतल्यास एकाच गावात वीस निरनिराळी घरे एकाच नावाखाली येऊन उभी राहतील. आपण नावांची साखळी घेऊन शोधा. पणजोबांचे नाव आणि त्यांच्या वडिलांचे नाव ही जोडी त्याच गावात, त्याच काळात पुन्हा भेटली, तर ते आपलेच घर असण्याचा संभव मोठा; आणि शेताचा सर्वे नंबरही जुळला, तर मग शंका उरत नाही.

पाटीलकी खरोखर असलेल्या घरांचा मार्ग मात्र वेगळा आहे. १८७४ च्या वतन कायद्याखाली वतनदारांच्या वारसांची नोंद ठेवली जाई, आणि १ जानेवारी १९६३ पासून मुलकी पाटीलकी रद्द होईपर्यंत त्या नोंदींत भर पडत गेली. महार वतन आणि इतर कनिष्ठ गावकामगार वतने १९५८ च्या कायद्याने गेली. त्यांच्याही नोंदी होत्या. आपल्या पूर्वजांचे कागद असणारच नाहीत असे समजून गप्प बसलेल्या कितीतरी घरांची नावे त्या वतन रजिस्टरांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली आहेत. हा धागा वाचणाऱ्या अशा कुटुंबांतील तरुणांनी ती मागावीत, असे मला फार वाटते.

अनेर (चोपडा)

बोरीकाठ भाऊ, मोडीवाचक दादांनी दिलेली दिशा योग्यच आहे. मी थोडे निराळ्या अंगाने लिहिते, कारण माझ्या माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही वंशावळी मी जमवल्या आणि दोन्हींमध्ये मला एकच उणीव दिसली. पुरुषांची सात नावे ओळीने लिहिलेली, आणि त्यांच्या आया, बहिणी, बायका यांपैकी एकीचेही नाव नाही. आपण नव्याने लिहीत आहात, तर ही उणीव आरंभापासूनच राहू देऊ नका. पणजीचे नाव, तिचे माहेर आणि तिच्या भावांचे गाव कळले की कित्येकदा मूळ गावाचा पत्ताही तेथूनच लागतो, कारण स्थलांतर करणारे घर पहिल्या एक-दोन पिढ्यांत सोयरीक जुन्या मुलखातच करते.

बायकांची नावे कागदात नसतात असे लोक म्हणतात. ती असतात, पण वेगळ्या कागदात असतात. फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, आणि वारसांच्या सहा-क नोंदवहीत खातेदार मयत झाल्यावर जी वारस नोंद होते ती पूर्ण वाचावी. मुले अज्ञान असतील तर त्यांच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ असे लिहून आईचे नाव दिलेले असते. अज्ञान पालनकर्ती म्हणून तिची ती नोंद असते. ‘ए. कु. क.’ असे जेथे लिहिले असेल तेथे थोरला भाऊ एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून लागलेला असतो आणि धाकट्या भावांची नावे त्याच्या मागे झाकलेली असतात. त्यांच्यासाठी पुढची वाटणीची नोंद शोधावी लागते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर मुलीही वारस म्हणून नोंदींत येऊ लागल्या, आणि मग त्यांच्याकडून हक्कसोडपत्रे लिहून घेतली गेली. त्या हक्कसोडपत्रांत आत्यांची आणि आजीच्या नणंदांची पूर्ण नावे, सासरची गावे, वये असे सारे असते. ज्या कागदाने त्यांचा जमिनीवरचा हक्क गेला त्याच कागदात त्यांची नावे शिल्लक राहिली आहेत, हे वाचताना मला नेहमी अस्वस्थ व्हायला होते, आणि म्हणूनच ती नावे वंशावळीत सन्मानाने यावीत असा माझा आग्रह आहे.

हे कागद तलाठ्यांकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, आणि जुने असतील तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मिळतात. हक्कसोडपत्र, खरेदीखत, गहाणखत, दत्तकपत्र हे नोंदणीकृत दस्त दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात असतात. तेथे सूची क्रमांक एक ही पक्षकारांच्या नावांवरून आणि सूची क्रमांक दोन ही मिळकतीच्या गावावरून केलेली असते. आपल्याजवळ गाव नक्की आहे, तेव्हा सूची क्रमांक दोनपासून आरंभ करणे सोयीचे होईल. आजोबांच्या नावचे जे खरेदीखत आपल्या हाती आहे, त्यातील चतुःसीमा आणि साक्षीदारही लिहून ठेवा. साक्षीदार पुष्कळदा भाऊबंद किंवा सोयरे असतात.

आणि कागदांइतकीच खात्रीची जागा म्हणजे कानबाई, आपल्या खानदेशातील देवीचा उत्सव. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा नोकरीधंद्यासाठी सुरत, पुणे, मुंबईकडे गेलेले भाऊबंदही गावी येतात. पुष्कळ घरांत रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, धान्य घरातील पुरुषांच्या नावाने मोजून घेतात आणि ते रोट भाऊबंदकीबाहेर देत नाहीत. कोणाकोणाचे रोट एकत्र होतात, ते कधी आणि कशावरून वेगळे झाले, हे घरातील म्हाताऱ्या बायकांना विचारा. वंशवृक्षाच्या फांद्या कोठे फुटल्या ते त्या उत्तरांतून कळेल. तसेच सुतक कोणाचे किती दिवस पाळतात, लग्नात देवक कोणते, कुलदेवता कोणती आणि जाऊळ कोठे काढतात, हेही विचारावे. आपली कुलदेवता मालेगाव-बागलाणकडची निघाली, तर काकांच्या सांगण्याला तो एक स्वतंत्र आधार होईल.

बोरीकाठ (जळगाव)

दादा आणि ताई, दोघांचेही मनःपूर्वक आभार. आपले लिखाण वाचल्यावर मी चुलत भावाकडे चौकशी केली, तेव्हा असे कळले की त्याच्या मुलीच्या जात पडताळणीच्या वेळी वकिलांनी बरेच जुने कागद काढले होते आणि ती संचिका त्याच्या कपाटात तशीच आहे. तीत वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, पणजोबांच्या धाकट्या भावाच्या मुलाचा शाळेचा उतारा आणि गाव नमुना चौदाची एक नक्कल आहे. त्या नक्कलेत जन्माची नोंद आहे, परंतु बाळाचे नावच नाही, केवळ बापाचे नाव आणि ‘मुलगा’ एवढेच आहे. ही नोंद ग्राह्य धरावी का? तसेच काकांचे म्हणणे आहे की नाशिकला आमच्या उपाध्यांच्या वहीत सर्व पिढ्या असतील. त्याविषयी कोणास अनुभव आहे का?

गोमाई (शहादा)

पडताळणीची संचिका हाती लागली हे उत्तम झाले. प्रत्येक घराने सर्वांत आधी ही चौकशी करावी असे मी म्हणेन, कारण इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि अनुसूचित जाती व जमातींसाठी १९५० सालच्या आधीचा पुरावा मागितला जात असल्याने भाऊबंदांपैकी कोणीतरी त्या काळाच्या मागचे कागद खटपट करून आधीच मिळवलेले असतात. ती खटपट पुन्हा करण्याचे कारण नाही. केवळ प्रतिज्ञापत्रातील वंशावळ ही दाव्यापुरती, म्हणजे एकाच शाखेची आणि बहुधा पुरुषांचीच असते, हे लक्षात ठेवून ती वाचावी.

गाव नमुना चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यातील जन्माच्या नोंदी अशाच असतात. जन्म नोंदवताना बारसे झालेले नसे, म्हणून बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढेच लिहीत. नोंद ग्राह्य आहे, पण ती कोणत्या मुलाची हे ठरवण्यासाठी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील जन्मतारखेशी ताडून पाहावी लागते. तेथेही सावध असावे. जुन्या रजिस्टरांत १ जून ही जन्मतारीख इतक्या मुलांची दिसते की ती गुरुजींनी शाळाप्रवेशासाठी अंदाजाने घातलेली आहे हे उघड आहे. कोतवाल बुकातील तारीख आणि शाळेतील तारीख जुळली नाही, तर कोतवाल बुकातील तारखेला अधिक वजन द्यावे. मृत्यूच्या नोंदी बहुधा अधिक उपयोगी असतात, कारण त्यांत मयताचे नाव, वय आणि मृत्यूचे कारण असते. १९१८ च्या शेवटच्या महिन्यांची पाने पाहिलीत, तर मानमोडीच्या (इन्फ्लुएन्झाच्या) साथीत एकाच घरातील किती माणसे गेली हे समोर येते आणि एखादी शाखा अचानक का खुंटली याचे उत्तरही मिळते.

आता उपाध्यांच्या वह्यांविषयी. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत, आणि त्या गाव, जात व आडनाव यांवरून विभागलेल्या असतात. आमच्या घरातील माणसे दहाव्यासाठी किंवा सिंहस्थाला गेली, त्या त्या वेळी त्यांनी आपली, भावांची, मुलांची आणि कधी कधी आई-बायकोचीही नावे सांगून लिहवून घेतली आणि खाली सही किंवा अंगठा केला. म्हणजे ती नोंद प्रत्यक्ष आपल्या पूर्वजाच्या तोंडून आलेली आहे, आणि हे भाग्य सरकारी दप्तरातल्या फार थोड्या कागदांना लाभते. जाताना मात्र आजचे गाव आणि जुने गाव अशी दोन्ही नावे सांगा. आपले पूर्वज मालेगावकडून आले असतील, तर त्यांची जुनी पाने मालेगावकडच्या गावाखाली असतील आणि ती पारोळ्याकडच्या उपाध्यांकडे नसून दुसऱ्याच घराण्याकडे असतील. वही ही त्या घराण्याची उपजीविका आणि वारसा दोन्ही आहे, तेव्हा योग्य दक्षिणा द्यावी, छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी मागावी आणि आपल्या घरातील अलीकडील नावेही तेथे लिहवून यावीत.

आमच्याकडे, शहादा-शिंदखेडा-शिरपूर पट्ट्यात, गुजर आणि राजपूत घराण्यांचे भाट आहेत. ते काही वर्षांच्या अंतराने गावोगाव येतात, घराण्याची वही वाचतात आणि नवीन जन्म-लग्ने लिहून घेतात. त्यांच्या वहीचे अलीकडचे पाच-सहा पिढ्यांचे भाग बहुधा विश्वासार्ह असतात. त्यामागे जेथे एखाद्या प्रसिद्ध राजकुळाशी नाते जोडलेले दिसते, तेथे ती परंपरा म्हणून आदराने लिहून ठेवावी, परंतु पुराव्याच्या रकान्यात घालू नये. वंशावळ लिहिताना ‘कागदावरून’, ‘वहीवरून’ आणि ‘सांगण्यावरून’ अशा तीन खुणा प्रत्येक नावापुढे कराव्यात, म्हणजे पुढच्या पिढीला कोणता दुवा किती पक्का आहे हे कळेल.

सातपुडा (तळोदा)

येथे आतापर्यंतची सारी चर्चा ज्यांच्याकडे शेत, वतन किंवा वही आहे त्यांच्याविषयी झाली, म्हणून थोडे लिहितो. अक्राणी, अक्कलकुवा आणि नवापूरकडील भिल्ल, पावरा, मावची, कोकणा घरांमध्ये वंशावळ लिहून ठेवण्याची रीत नव्हती. ती म्हाताऱ्यांना तोंडपाठ असे, आणि ते म्हातारे आता थोडे उरले आहेत. त्यांच्याकडून ऐकलेले आधी ध्वनिमुद्रित करा, त्यांच्याच बोलीत करा, आणि कागदांचा शोध त्यानंतर घ्या.

कागद अगदीच नाहीत असेही नाही. २००६ च्या वन हक्क कायद्याखाली केलेल्या दाव्यांच्या संचिका ग्रामसभेच्या वन हक्क समितीकडे आणि उपविभागीय कार्यालयात आहेत. त्या कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब आणि जुन्या नोंदीतील व्यक्तीशी नाते दाखवणारी वंशावळ हे दोन्ही पुरावे म्हणून मान्य केलेले आहेत, त्यामुळे पुष्कळ दाव्यांत आजोबा-पणजोबांपर्यंतची नावे पहिल्यांदाच लिहिली गेली. सरदार सरोवरात महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली, आणि उकाई धरणाच्या पाण्याखालीही आपल्याकडची गावे गेली. अशा कुटुंबांनी भूसंपादनाचे निवाडे आणि पुनर्वसनाच्या याद्या मागाव्यात. त्यांत जुन्या गावातील घरनिहाय आणि खातेनिहाय नावे असतात. हतनूर धरणामुळे उठलेल्या रावेर-मुक्ताईनगरकडील घरांनाही हे लागू आहे. गाव पाण्याखाली गेल्यावर शेजारी कोण होते हे सांगणारा तो जवळजवळ एकमेव कागद उरतो.

१८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला ठाणे करून खानदेश भिल्ल पलटण उभारली, आणि तीत सातपुड्याच्या पायथ्याची बरीच माणसे भरती झाली. एखाद्या घरात ‘आमचा आजला पलटणीत होता’ अशी आठवण असेल, तर ती या पलटणीशी ताडून पाहण्यासारखी आहे.

मोडीवाचक (धुळे)

राहिलेल्या प्रश्नांविषयी लिहितो. संगणकावरील नोंदींचा उपयोग निश्चित होईल. महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर जुने सातबारे, फेरफार आणि इतर अभिलेखांच्या प्रतिमा शोधता येतात. धुळे आणि नाशिक हे जिल्हे त्याच्या पहिल्या टप्प्यातच होते, म्हणजे मालेगाव तालुक्यापुरता शोध आपण घरी बसून सुरू करू शकाल. गावाचे नाव ठाऊक नसल्याने पणजोबांच्या वडिलांचे नाव घेऊन मोसमकाठची गावे एकेक पाहावी लागतील. काम चिकाटीचे आहे, पण कुलदेवतेवरून आणि पणजीच्या माहेरावरून गावांची संख्या कमी करता येईल.

दुसरी घडामोड कुणबी नोंदींची. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेल्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत जुन्या दप्तरांची पाने तपासून, मोडी वाचकांकडून लिप्यंतर करवून, सापडलेल्या नोंदींच्या प्रतिमा अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय ठेवण्यात आल्या. आरक्षणाच्या प्रश्नावर प्रत्येकाचे मत काहीही असो, वंशावळीचा शोध घेणाऱ्या कोणत्याही जातीच्या माणसाने ही पाने पाहावीत, कारण कोतवाल बुकाचे पान हे गावाचे असते. एका नोंदीसाठी ते पान वर चढवले असले तरी त्याच पानावर वर-खाली गावातील इतर घरांचेही जन्म-मृत्यू असतात. ज्या अभिलेखांत हा शोध घेतला गेला, त्यांची यादीही मार्गदर्शक आहे. तीत खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, शाळांची रजिस्टरे, दुय्यम निबंधकांचे दस्त, भूमि अभिलेख कार्यालयातील शेतवार पत्रके, तुरुंगातील कैद्यांची रजिस्टरे आणि १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर यांचा समावेश आहे. हे शेवटचे रजिस्टर जेथे टिकले असेल तेथे त्यात घरातील प्रत्येक माणसाची नोंद मिळेल, स्त्रियांचीसुद्धा. अनेर ताईंच्या मुद्द्याच्या दृष्टीने ते मुद्दाम विचारावे.

कालगणनेसंबंधी एक सूचना. छप्पन्या हे नाव विक्रम संवत १९५६ वरून पडले, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. म्हाताऱ्या माणसांना सन विचारू नका, प्रसंग विचारा: छप्पन्याच्या आधी की नंतर, प्लेगात की मानमोडीत, फैजपूरच्या काँग्रेसच्या वर्षी म्हणजे डिसेंबर १९३६ मध्ये कोण केवढा होता. कागदावर शक असेल तर ७८ मिळवावे, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करावे, फसली सन असेल तर ५९० मिळवावे. वर्षारंभ निरनिराळे असल्याने एका वर्षाचा फरक पडू शकतो. व्यापाऱ्यांच्या वह्यांत संवत, सरकारी मोडी कागदात फसली, आणि पेशवाईतील कागदात अरबी शब्दांतला सुहूर सन असे बहुधा आढळते. सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो.

आपल्या काकांची हकीकत खरी धरायची, तर एक गोष्ट ताडून पाहण्यासारखी आहे. हक्कनोंदीची पद्धत आपल्या मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आली, तेव्हा पारोळ्याकडच्या आपल्या गावात पणजोबांच्या घराचे नाव पहिल्याच हक्कनोंदीत आहे की पुढे खरेदीने आले, हे पाहा. खरेदीने आले असेल, तर विकणारा कोण, रक्कम किती आणि खरेदीदाराचे राहण्याचे ठिकाण कोणते लिहिले आहे, हे त्या दस्तात असेल. बाहेरगावाहून आलेल्या खरेदीदाराचे मूळ गाव कित्येकदा तेथेच लिहिलेले असते.

आता तो मोडी कागद. त्याला चिकटपट्टी लावू नका आणि प्लास्टिकमध्ये दाबून बंद करू नका; दोन्हींमुळे शाई आणि कागद कायमचे बिघडतात. घडी हळुवार उलगडून, सपाट ठेवून, दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्या. शिक्का, मायना आणि शेवटची तारखेची ओळ वेगळी जवळून घ्या, कारण कागद कोणत्या कचेरीतून निघाला हे त्यांवरूनच कळते. मग तो आम्लविरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा. छायाचित्रे येथे टाकलीत तर वाचून देण्याचा मी प्रयत्न करीन. त्यात हयात व्यक्तींची नावे किंवा चालू वादातील जमिनीचा उल्लेख असेल, तर तेवढा भाग झाकून टाका. आणि शक्य असल्यास घरातील एका तरुणाला मोडी शिकायला पाठवा. पुराभिलेख विभाग आणि काही विद्यापीठे मोडीचे वर्ग घेतात, आणि रोज तासभर सराव केल्यास आपल्या घरापुरते कागद वाचण्याइतकी लिपी काही महिन्यांत येते.

बोरीकाठ (जळगाव)

सर्वांचे ऋण मानतो. येत्या कानबाईला गावी जाईन तेव्हा काकू आणि थोरल्या आत्यांकडून रोटाची व माहेरांची माहिती लिहून घेईन, आणि त्याआधी अमळनेरच्या अभिलेख कक्षात पहिल्या हक्कनोंदीच्या नक्कलेसाठी अर्ज देतो. मोडी कागदाची छायाचित्रे दिवसाच्या उजेडात घेऊन या रविवारी येथे टाकीन. त्यात खापरपणजोबांच्या नावानंतर आणखी एक अक्षरसमूह आहे, जो त्या गृहस्थांना लागला नव्हता. तो गावाचा असावा असे मला वाटते. मोडीवाचक दादांनी तेवढी ओळ आधी पाहावी, ही विनंती.